युद्धात रस्ते बांधणारे हे सैनिक म्हातारपणी एकमेकांची खबर का ठेवतात? अमेरिकेच्या 'सीबीज'ची गोष्ट

युद्धाचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. त्यात विमानं असतात, रणगाडे असतात, जहाजं असतात. पण विमान उतरायला धावपट्टी लागते, रणगाड्याला रस्ता लागतो आणि जहाजाला धक्का लागतो. हे सगळं शत्रूच्या गोळीबारात कोण बांधतं, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही.

अमेरिकेच्या नौदलात हे काम करणाऱ्या तुकड्यांना 'सीबीज' म्हणतात. नोकरी संपल्यावरही या लोकांचं एक काम चालूच राहतं. ते म्हणजे एकमेकांची खबर ठेवणं. कोण दवाखान्यात आहे, कुणाचा पत्ता बदलला, कोण गेलं आणि मेळावा कधी आहे, याची बातमीपत्रं आधी टपालाने जायची. आता ती ईमेल आणि फेसबुकवरून जातात.

वरवर पाहिलं तर हा आपल्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखाच प्रकार वाटतो. पण इथल्या एखाद्या बातमीवर कुणाची तरी पेन्शन अडलेली असते, तर कुणाच्या अंत्यसंस्काराचा मान.

'सीबीज' हे नाव आलं कुठून?

कन्स्ट्रक्शन बटालियन म्हणजे बांधकाम बटालियन. तिची इंग्रजी आद्याक्षरं सी आणि बी. ती जोडून म्हटली की 'सीबी' होतं आणि 'बी' म्हणजे मधमाशी. म्हणून त्यांच्या बोधचिन्हावर खलाशाची टोपी घातलेली एक चिडलेली मधमाशी आहे. तिच्या हातांत बंदूक, पाना आणि हातोडी असते. हे चित्र १९४२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या नौदल तळावर कारकुनी करणाऱ्या फ्रँक इयाफ्रेट यांनी काढलं होतं.

तुकडी उभी राहण्यामागे मात्र एक वाईट अनुभव होता.

१९४१ पर्यंत अमेरिकी नौदल परदेशातले तळ खाजगी ठेकेदारांकडून बांधून घ्यायचं. पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर असेच सुमारे ११०० कामगार होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हल्ला केला आणि २३ डिसेंबरला बेट पडलं. इथे कायद्याचा पेच होता. सैनिक पकडला गेला तर तो युद्धकैदी ठरतो. पण साध्या कामगाराने बंदूक उचलली तर शत्रू त्याला गनिम ठरवून थेट मारू शकतो.

बहुतेक कामगारांना जपानी लोकांनी इतर छावण्यांत नेलं. ९८ जणांना सक्तीच्या मजुरीसाठी बेटावरच ठेवलं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. त्यातला एक जण निसटला. त्याने एका खडकावर '९८ अमेरिकी युद्धकैदी' अशा अर्थाची अक्षरं आणि ५-१०-४३ ही तारीख कोरली. पुढे तोही पकडला गेला आणि मारला गेला. त्याचं नाव आजही माहीत नाही, पण तो खडक आज स्मारक आहे. जवळ कागद नाही, निरोप न्यायला माणूस नाही, तरी आपण किती जण होतो हे कुणाला तरी कळावं, एवढंच त्याला वाटत होतं.

वेक बेट पडल्यानंतर पाचच दिवसांनी, २८ डिसेंबर १९४१ ला, रिअर ॲडमिरल बेन मोरील यांनी गणवेशातल्या बांधकाम तुकड्यांची मागणी केली. ५ जानेवारी १९४२ ला परवानगी मिळाली आणि ५ मार्चला 'सीबीज' हे नाव अधिकृत झालं. ५ मार्च हा त्यांचा वाढदिवस आजही साजरा होतो.

सैन्यात प्लंबर आणि सुतार?

हो, आणि तेही मुरलेले. सुरुवातीच्या सीबीजचं सरासरी वय ३७ होतं. पन्नाशीपर्यंतच्या माणसांनाही घेतलं जायचं, कारण नौदलाला तयार हात हवे होते. सुतार, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डोझर चालवणारे असे साठेक धंद्यांतले लोक भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ३ लाख २५ हजार जणांनी सीबी म्हणून काम केलं आणि ४०० हून जास्त बेटांवर बांधकामं केली.

त्यातलं एक बेट टिनियन. तिथे त्यांनी लांबलचक समांतर धावपट्ट्या बांधल्या. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं 'एनोला गे' विमान तिथूनच उडालं. युद्धानंतर त्या धावपट्ट्या अनेक दशकं जंगलाखाली होत्या. अलीकडे अमेरिकेच्या हवाई दलाने त्या पुन्हा साफ करायला घेतल्या आहेत.

बांधकामाचं असंच असतं. गरज संपली की वास्तू मोडते, गंजते किंवा झाडीत जाते. कुणी बांधली हे लिहिलेली पाटी तर आधीच गेलेली असते. त्यामुळे ती आठवण शेवटी माणसांकडेच उरते.

बटालियन संपते, मग माणसं कुठे जातात?

आपल्याकडे पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढणारे परमवीर चक्र विजेते राम राघोबा राणे याच दलाचे. इथला जवान निवृत्त झाला तरी त्याचं केंद्र जागेवर असतं. तो कधीही तिथे जाऊ शकतो.

युद्धकाळातल्या सीबीजचं तसं नव्हतं. त्यांच्या दीडशेहून जास्त बटालियन घाईघाईत उभ्या राहिल्या आणि तितक्याच घाईने मोडल्या. अडीच लाखांवर गेलेली संख्या १९४६ च्या मध्यापर्यंत वीस हजारांच्या आसपास आली. माणूस घरी पोहोचेपर्यंत त्याची बटालियन कागदावरूनही गेलेली असायची.

मग त्यांनी स्वतःच सोय केली. अनेक बटालियननी आपापलं 'क्रूझ बुक' छापलं होतं. हे साधारण शाळेच्या वार्षिक अंकासारखं पुस्तक. त्यात फोटो, नावं, केलेली कामं आणि बऱ्याचदा घरचे पत्तेही असायचे. घरी गेल्यावर एकमेकांना शोधायला हेच पुस्तक कामी यायचं. कॅलिफोर्नियातल्या पोर्ट वायनीमी इथल्या सीबी संग्रहालयात अशी पुस्तकं जपलेली आहेत आणि त्यातली अनेक स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आहेत.

माजी सीबीजची देशव्यापी संघटनाही आहे. तिच्या स्थानिक शाखेला 'शाखा' न म्हणता 'आयलंड' म्हणजे 'बेट' म्हणतात. कारण युद्धात कुठे निघालोय हे गुप्त असायचं. घरी सांगायचं नाव एकच, 'आयलंड एक्स'. त्यामुळे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावातले म्हातारेही आपल्या 'बेटा'च्या मीटिंगला जातात.

बातमीपत्रात असतं काय?

इथे नौदलाची जुनी भाषा अजून जिवंत आहे. तीन शब्द समजले की बातमीपत्राचा साचा समजतो.

स्कटलबट म्हणजे उडत्या बातम्या. जहाजावर पिण्याच्या पाण्याचं जे पिंप असायचं त्याचं हे नाव. खलाशी तिथे पाणी प्यायला जमायचे आणि गप्पा व्हायच्या. आपल्याकडच्या पाणवठ्यावरच्या गप्पांचाच हा प्रकार. मेळाव्याच्या तारखा, बदललेले पत्ते, 'या फोटोतला डावीकडून तिसरा कोण?' असले प्रश्न या सदरात येतात.

बिनॅकल लिस्ट म्हणजे आजाऱ्यांची यादी. जहाजाचा होकायंत्र ठेवायचा खांब म्हणजे बिनॅकल. आजारी खलाशांची यादी तिथे ठेवली जायची. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला फोन करायला हवा, ते इथे कळतं.

टॅप्स म्हणजे गेलेल्यांची नावं. सैनिकाच्या अंत्यसंस्काराला बिगुलावर वाजणाऱ्या धूनचं हे नाव. वार्षिक मेळाव्यात ही नावं एकेक करून वाचली जातात आणि प्रत्येक नावाला घंटा वाजते.

एवढी खबर वेळेत का लागते?

पहिलं कारण अंत्यसंस्कार. अमेरिकेच्या कायद्यानुसार २००० सालापासून पात्र माजी सैनिकाच्या अंत्यसंस्काराला किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात, राष्ट्रध्वज घडी करून कुटुंबाला देतात आणि टॅप्स वाजवली जाते. मात्र हे आपोआप होत नाही. कुणीतरी तशी मागणी करावी लागते. ज्याचं जवळचं कुणी उरलेलं नाही, त्याच्यासाठी ही मागणी करणारा बहुतेक वेळा जुना सहकारीच असतो. त्यालाच बातमी कळली नाही, तर हा मान राहूनच जातो.

दुसरं कारण पैशांचं आणि उपचारांचं.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात जंगलं सुकवण्यासाठी 'एजंट ऑरेंज'सारखी रसायनं फवारली. त्यांचा संबंध पुढे अनेक कॅन्सर, मधुमेह आणि हृदयविकाराशी जोडला गेला. व्हिएतनामच्या जमिनीवर उतरलेल्या सैनिकाला यातला ठरावीक आजार झाला, तर तो नोकरीमुळेच झाला असं अमेरिकेचं माजी सैनिक खातं धरून चालतं. त्याला वेगळा पुरावा द्यावा लागत नाही.

पण सीबीज गुआममध्येही होते, थायलंडमध्येही होते. तिथल्या लोकांना ही सवलत सरसकट मिळाली ती १० ऑगस्ट २०२२ ला 'पॅक्ट' कायद्यावर सही झाल्यावर. म्हणजे अर्ध्या शतकानंतर. तोपर्यंत 'रसायनाशी माझा संबंध आला होता' हे ज्याचं त्याला सिद्ध करावं लागायचं.

ते करणार कसं? सरकारी फाइलमध्ये माणूस कोणत्या तुकडीत होता हे असतं. तो अमुक महिन्यात कुंपणालगतची फवारलेली झाडी काढत होता, हे नसतं. ते फक्त त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं. त्या माणसाने लिहून दिलेल्या साक्षीला 'बडी स्टेटमेंट' म्हणतात आणि खातं ती पुरावा म्हणून बघतं.

हे कळलं की 'डावीकडून तिसरा कोण?' हा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. तो तिसरा माणूस सापडला आणि त्याला आठवत असेल, तर दावा उभा राहू शकतो. त्याचं नाव टॅप्सच्या यादीत गेलं, की साक्षीदारही गेला.

नव्या कायद्याची माहिती पोहोचणंही तितकंच गरजेचं आहे. ज्यांचा दावा आधी फेटाळला होता, ते पुन्हा अर्ज करू शकतात. नवरा अशा आजाराने वारला असेल तर पत्नीही दरमहाच्या भरपाईसाठी अर्ज करू शकते. पण नियम बदलला हे तिला सांगणार कोण? अनेकदा बटालियनचं बातमीपत्रच.

काही नावं सगळ्यांना माहीत आहेत

मार्व्हिन शील्ड्स हे 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च सन्मान मिळालेले एकमेव सीबी. हुद्द्याने ते मेकॅनिक होते. जून १९६५ मध्ये व्हिएतनामच्या डाँग शोई इथल्या तळावर मोठा हल्ला झाला. स्वतः जखमी असताना त्यांनी एका जखमी अधिकाऱ्याला सुरक्षित जागी नेलं. मग शत्रूची मशीनगन उडवायला ते स्वतःहून पुढे गेले. मशीनगन बंद पडली, पण परत येताना त्यांना गोळ्या लागल्या. ते २५ वर्षांचे होते. त्यांच्या नावाने पुढे युद्धनौका निघाली.

रॉबर्ट स्टेथम पाण्याखालचं बांधकाम करणाऱ्या तुकडीत होते. १९८५ मध्ये ते प्रवासी विमानाने घरी परतत असताना विमानाचं अपहरण झालं आणि बैरुतमध्ये त्यांची हत्या झाली. २०१० मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी, त्यांना मानद 'मास्टर चीफ' करण्यात आलं.

रिचर्ड विल्यम्स अंटार्क्टिकात ट्रॅक्टर चालवत होते. जानेवारी १९५६ मध्ये बर्फ फुटला आणि ते ट्रॅक्टरसकट समुद्रात गेले. तिथल्या मॅकमर्डो तळाजवळची धावपट्टी आज 'विल्यम्स फील्ड' म्हणून ओळखली जाते.

आणि काही राहून गेली

दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय सीबीजच्या वेगळ्या बटालियन होत्या. अधिकारी मात्र गोरे. ३४ व्या बटालियनने सॉलोमन बेटांवर काम केलं. परत आल्यावरही त्यांना बढत्या नाकारल्या जात होत्या, राहण्या-जेवण्यात भेदभाव होता. मार्च १९४५ मध्ये सुमारे हजार जणांनी दोन दिवस अन्नत्याग केला. एकाही माणसाने काम थांबवलं नाही, म्हणून त्याला बंडही म्हणता येईना. शेवटी त्यांच्या कमांडिंग अधिकाऱ्याला हटवलं गेलं.

त्याच काळात सीबीजचं कौतुक करणारा, जॉन वेन यांची प्रमुख भूमिका असलेला 'द फायटिंग सीबीज' हा सिनेमा १९४४ मध्ये आला आणि गाजला. ३४ व्या बटालियनचा लढा मात्र आजही फार कमी लोकांना माहीत आहे. कोणाची आठवण मोठी होते आणि कोणाची आपल्याच लोकांपुरती राहते, हे पराक्रमावर ठरतंच असं नाही. ती लिहून ठेवणारं आणि पुढे सांगणारं कोणी होतं का, यावरही ते ठरतं.

आता पुढे काय?

वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला सीबीजचं राष्ट्रीय स्मारक आहे. इवो जिमावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचं प्रसिद्ध शिल्प करणारे फेलिक्स डी वेल्डन यांनीच तेही घडवलं. २७ मे १९७४ ला त्याचं लोकार्पण झालं. त्यात सीबीसोबत शत्रू नाही, एक लहान मूल आहे.

स्मारक जागेवर राहील, माणसं मात्र वेगाने कमी होत आहेत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६४ लाख अमेरिकी सैन्यात होते. २०२४ मध्ये त्यातले अंदाजे ६६ हजारच हयात होते. व्हिएतनामवाले आता पंचाहत्तरी ओलांडताहेत. मेळाव्याला यायला माणसंच उरली नाहीत की बटालियनची संघटना बंद होते. शेवटचं बातमीपत्र निघतं आणि जुने फोटो एखाद्या नातवाच्या माळ्यावर जातात.

त्यातल्या ज्या फोटोंमागे नावं लिहिलेली असतात, ते पुढे संग्रहालयाच्या, संशोधकाच्या, कधी एखाद्या विधवेच्या अर्जाच्या उपयोगी पडतात. बाकीच्यांत अनोळखी माणसं उन्हात उभी असतात, एवढंच कळतं.

तुमच्या घरात कुणी सैन्यात, बीआरओमध्ये किंवा एखाद्या धरणाच्या कामावर होतं का? त्यांचा जुना ग्रुप फोटो असेल तर या रविवारी तो त्यांच्यासमोर ठेवा, डावीकडून एकेक नाव विचारा आणि पेन्सिलीने मागे लिहून ठेवा.