पाळी जाताना : गाठीची भीती, डागाकडे दुर्लक्ष

 आज पाळी जातानाच्या रक्तस्रावाबद्दल लिहायचं आहे, कारण याबाबतीत आपण भलत्याच गोष्टीला घाबरतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फायब्रॉइड’ आलं की घर हादरतं. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईला कपड्यावर डाग दिसला, तर ती ‘उष्णता झाली असेल’ म्हणून गप्प राहते. खरी काळजी तिची करायला हवी.

सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली असं धरतात. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी घडतं. त्याआधीची काही वर्षं अंडाशयाचं काम अनियमित होतं. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडतच नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि मग वेडंवाकडं सुटतं. दोन महिने काही नाही आणि नंतर पंधरा दिवस अंगावरून जातंय, असं होतं ते यामुळे. ‘या वयात चालायचंच’ म्हणून बायका ते अंगावर काढतात. पण तासातासाला पॅड भिजत असेल, आठ दिवसांपुढे जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं. पंचेचाळिशीपुढे अस्तराचा तुकडा काढून तपासणं बहुधा गरजेचं असतं. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल, तर टाळूच नये.

आता गाठी. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती कॅन्सरची असणं फार दुर्मीळ. त्रास आकारापेक्षा जागेवर ठरतो: अस्तराला लागून असलेली लहानशी गाठही खूप रक्त घालवते, बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कित्येकदा काहीच करत नाही. इस्ट्रोजेनवर पोसलेल्या या गाठी पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आक्रसतात. म्हणून त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. त्रास असेल तर पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, तांबीसारखंच पण हार्मोन सोडणारं साधन, दुर्बिणीतून गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, असे मार्ग आहेत. कधी कधी पिशवी काढणंच योग्य असतं. पण तो पहिला सल्ला असू नये. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या कित्येक ऐन उमेदीतल्या. अंडाशयही काढलं गेलं असेल, तर हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका लवकर मागे लागतो. ‘दुसरा काय उपाय आहे?’ हे विचारायला संकोच नको. शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पाळी गेल्यानंतरच्या रक्ताला मात्र हे थांबून बघणं लागू नाही. बहुतेकींमध्ये कारण साधं निघतं, योनीमार्ग आणि अस्तर पातळ झाल्याचं. पण अशा सुमारे दहा जणींमध्ये एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो. हा कॅन्सर रक्तस्रावामुळे लवकर कळतो आणि लवकर कळला तर बहुतेक वेळा बरा होतो. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर धोका फार कमी. जास्त असेल किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर बायोप्सी करावीच. गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी सोबत होऊ द्या. जुन्या रिपोर्टात फायब्रॉइड आहे म्हणून ‘त्याचंच असेल’ असं समजून घरी बसू नका.

आपल्या घरातली साठीची बाई हे आपणहून सांगणार नाही. आईला, सासूबाईंना, मावशीला या आठवड्यात सरळ विचारा. डाग एकदाच आणि पुसट दिसला असेल, तरी त्यांना तपासणीला घेऊन जा.