अल्-मसरी मिसरमध्ये राहत नाहीत

अरबी आडनावांच्या शेवटी येणाऱ्या 'ई'ला 'निस्बा' म्हणतात. निस्बा म्हणजे नातं: गावाशी, देशाशी, टोळीशी किंवा पूर्वजाशी. बगदादी बगदादचा, तमीमी बनू तमीम टोळीतला, हाशिमी हाशिमच्या वंशातला. आपलं पुणेरी, कोल्हापुरी आठवा.

मला सर्वांत आवडतं ते प्रवासी इब्न बतूताचं पूर्ण नाव. त्यात 'अल्-लवाती अत्-तंजी' असं येतं. लवाता ही अमाझीग (बर्बर) टोळी, आणि तंजा म्हणजे मोरोक्कोतलं टँजिअर, जिथे तो 1304 मध्ये जन्मला. टोळी आणि गाव, दोन्ही एकाच नावात! (आपल्या दौलताबादलाही तो येऊन गेला होता.)

गावावरून पडलेलं नाव बहुधा गाव सोडल्यावरच चिकटतं. पॅलेस्टाईनच्या नाब्लुसमधलं प्रसिद्ध घराणं अल्-मसरी, म्हणजे 'मिसरचे', इजिप्तचे. खुद्द इजिप्तमध्ये सगळेच मिसरी, तिथे या नावाने कोण ओळखू येणार? आपले नागपूरकरही नागपूरबाहेरच जास्त भेटतात.

एक बारकावा जरूर लक्षात ठेवा. 'अल्-' हे नुसतं उपपद असतं, पण दीर्घ 'आल' म्हणजे घराणं. म्हणून 'आल सऊद' म्हणजे सऊदचं कुळ.