मेथॉडिस्ट उपदेशक : मजुराच्या तोंडी आलेला धर्म

धर्म शोषितांना झोपवतो की जागे करतो, हा वाद आपल्याकडे कित्येक वर्षे चालू आहे. वाद घालणारे दोन्हीकडचे लोक ग्रंथात काय सांगितले आहे याचीच चर्चा करतात. तो ग्रंथ हातात धरून कोण बोलतो, त्याचे पोट कशावर चालते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मला हे प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शेतमजुरांचा इतिहास शिकवताना पडले. क्रमिक पुस्तकात मेथॉडिस्ट पंथाला दोन ओळी असतात : जॉन वेस्लीने अठराव्या शतकात धर्मजागृती केली, पंथ वाढला, संपले. ज्यांच्या पायांवर तो पंथ गावोगाव गेला ते त्या दोन ओळींत नाहीत.

वेस्ली (1703–1791) हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा धर्मगुरू. 1739 मध्ये ब्रिस्टलजवळ खाणकामगारांपुढे तो उघड्यावर बोलू लागला. माणसे जमू लागली, पण त्यांना सांभाळायला दीक्षित धर्मगुरू कुठून आणायचे? पुढे लंडनमध्ये थॉमस मॅक्सफील्ड नावाचा दीक्षा नसलेला माणूस उपदेश करू लागला, तेव्हा वेस्ली संतापून परत आला. त्याच्या आईने, सुझॅनाने, त्याला थांबवले आणि आधी त्याचे ऐकून तर बघ म्हणाली, असे सांगतात. वेस्लीने ऐकले आणि मान्य केले. हा माणूस राजनिष्ठ होता, बंडाचा त्याला तिटकारा होता. तरी गरज म्हणून त्याने जे दार उघडले ते पुढे कोणाला बंद करता आले नाही.

या दारातून आत आला तो स्थानिक उपदेशक. त्याला पगार नाही, झगा नाही, पाळकाचे घर नाही. सोमवार ते शनिवार तो नांगर धरणारा, कुंपण छाटणारा, खाणीत उतरणारा किंवा जोडे शिवणारा. रविवारी मात्र व्यासपीठावर उभा. आपल्याकडे दिवसा नोकरी-मजुरी करून वस्तीतली लग्ने लावणारा बौद्धाचार्य डोळ्यापुढे आणला, तर या माणसाचे स्थान समजायला सोपे जाईल. तुलना मी इथेच थांबवतो.

त्याचे आयुष्य ज्या कागदाला बांधलेले असे त्याला ‘प्लॅन’ म्हणत. एका विभागातल्या दहा-वीस चॅपलांची नावे एका बाजूला, रविवारच्या तारखा वरच्या बाजूला आणि उपदेशकांची क्रमवार यादी. प्रत्येक उपदेशकाला एक आकडा. कोणत्या रविवारी कोणत्या गावी कोणी बोलायचे हे त्या आकड्याने चौकटीत मांडलेले. तीन महिन्यांनी नवा कागद. यादीच्या तळाशी उमेदवार असत. त्यांना जाणत्या उपदेशकांपुढे परीक्षेचे प्रवचन द्यावे लागे, श्रद्धेविषयी आणि वागणुकीविषयी प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. जमीनदाराच्या हिशेबवहीत ज्याचे नाव फक्त मजुरीच्या रकान्यात येई, त्याचे नाव इथे छापून येत होते. माझ्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. छापलेल्या नावाचे मोल काय असते हे मला कोणी समजावून सांगायला नको.

नेमून दिलेल्या गावी जाणे चुकवता येत नसे. गैरहजेरीचा जाब द्यावा लागे. म्हणून आठवडाभर शेतात राबलेला माणूस रविवारी पहाटे उठून कित्येक मैल चालत जाई. एका गावी सकाळी, दुसऱ्या गावी संध्याकाळी बोले आणि रात्री चालत परत येई. सोमवारी उजाडता पुन्हा काम. प्रवचनाची तयारी केव्हा? कामावर मनातल्या मनात आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात. कित्येकांनी अक्षरओळख बायबल वाचण्यासाठीच करून घेतली होती. त्याची भाषा श्रोत्यांच्याच बोलीतली, कारण त्याला दुसरी येतच नव्हती. पेरणी, मेंढरे, मालकाचा हिशेब या बायबलातल्या गोष्टी त्याला टीकाग्रंथातून शिकाव्या लागल्या नाहीत.

याच्या जोडीला ‘वर्ग’ होते. 1742 मध्ये ब्रिस्टलला चॅपलचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बाराजणांचा एक गट करून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायचे ठरले. पैसे गोळा करणारा म्होरक्या हळूहळू सभासदांच्या सुखदुःखाची चौकशी करू लागला. वर्गणी घेणे, हिशेब ठेवणे, सभा चालवणे, दहाजणांपुढे आपली गोष्ट सांगणे, हे शिक्षण शाळेत न गेलेल्यांना इथे मिळाले. स्त्रियांच्या वाट्याला ते कमी आले. 1803 मध्ये वेस्लियन परिषदेने त्यांच्या उपदेशावर निर्बंध घातले. पुढे निघालेल्या प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट शाखेने मात्र त्यांना बोलू दिले.

या माणसांची श्रद्धा कुठल्या जखमेतून आली हे जोसेफ आर्चच्या आत्मचरित्रात (1898) दिसते. तो 1826 मध्ये वॉरिकशायरमधल्या बारफर्ड गावी जन्मला. सुमारे सात वर्षांचा असताना राजमान्य चर्चमध्ये प्रभुभोजन कसे चालते हे त्याने किल्लीच्या भोकातून पाहिले. आधी जमीनदार गेला, मग मोठे शेतकरी, मग दुकानदार, सुतार, लोहार आणि सगळ्यांच्या शेवटी शेतमजूर. मजूर गुडघे टेकायला आले तेव्हा त्यांच्या शेजारी दुसरे कोणी टेकले नाही; जणू ते विटाळलेले होते. हा प्रसंग मी वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकांवरची मुले मान वर करून ऐकू लागली. स्पष्टीकरणाची गरज पडली नाही. आर्च पुढे कुंपणे छाटणारा कसबी मजूर आणि प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट उपदेशक झाला. 7 फेब्रुवारी 1872 रोजी वेल्सबर्न गावी झाडाखाली तो मजुरांपुढे बोलला आणि त्यातून शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. 1885 मध्ये तो पार्लमेंटात गेला.

त्याच्या आधी, 1834 मध्ये, डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावी याहून कठोर परीक्षा झाली होती. तिथे आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात झाली आणि आता सहा मिळणार असे सांगण्यात आले. जॉर्ज लव्हलेस हा तिथला शेतमजूर वेस्लियन उपदेशक होता. वाजवी मजुरी देण्याचे मालकांनी गावच्या धर्मगुरूच्या साक्षीने कबूल केले होते आणि पुढे तोच धर्मगुरू साफ नाकबूल झाला, असे लव्हलेसने लिहून ठेवले आहे. मजुरांनी संघटना केली. तिची वर्गणी आठवड्याला एक पेनी! ही पेनी कुठल्या घरातून आली हे सांगायला नकोच. संघटना करणे तेव्हा गुन्हा नव्हता. म्हणून नौदलातल्या बंडानंतर 1797 मध्ये केलेला बेकायदा शपथेचा कायदा शोधून काढला गेला आणि सहाजणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या सहांपैकी पाच मेथॉडिस्ट होते. मागे राहिलेल्या बायकापोरांना गावनिधीतली मदतही नाकारण्यात आली.

फ्रेंच इतिहासकार हालेवी याने म्हटले की मेथॉडिस्ट पंथामुळे इंग्लंडात क्रांती टळली. ई. पी. थॉम्पसनने 1963 मधल्या आपल्या ग्रंथात या पंथाने कामगाराला कारखान्याच्या शिस्तीला कसे जुंपले हे दाखवले. मजूर-चळवळीत उतरलेल्या उपदेशकांची नोंदही त्याने घेतली आहे. हे आक्षेप मी हलके मानत नाही. दारू सोडा, वेळ पाळा, मालकाशी प्रामाणिक राहा, हा उपदेश मालकाच्या सोयीचाच होता. परलोकातल्या मुकुटाच्या आशेवर सहा शिलिंगांत गप्प बसलेलेही पुष्कळ असतील. वेस्लियन पंथाचे तेव्हाचे पगारी पुढारी, जेबेझ बंटिंगसारखे, राजकीय चळवळीच्या विरोधातच होते. पण व्यासपीठावरून आज्ञाधारकपणा सांगणारा पगारी पाळक आणि त्याच व्यासपीठावर पुढच्या रविवारी उभा राहणारा सात शिलिंगांचा मजूर एकाच पंथाचे असले तरी एकाच जागी उभे नव्हते. मजुराला चॅपलमधून काढता येत होते. पण त्याला बोलता येऊ लागले होते, आणि ते परत घेता येत नव्हते. त्याची किंमतही तोच मोजत होता, कारण त्याचे काम आणि राहते घर बहुधा मालकाच्या हाती असे.

लव्हलेसला टास्मानियात, तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, नेले. देशभर निषेध झाला, 1836 मध्ये माफी मिळाली, 1837 मध्ये तो परतला आणि त्याच वर्षी त्याने आपली हकीकत छापली. सहाजणांपैकी पाच पुढे कॅनडात गेले. जेम्स हॅमेट तेवढा टॉलपडलला परतला, मजुरी करीत राहिला आणि 1891 मध्ये डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे सरकारी कंगालखान्यात वारला. त्याच्या थडग्यावर कोरीव शिळा बसली 1934 मध्ये.