फोटोच्या मागे नाव लिहा



गेल्या पेसाखच्या आधी माझ्या लेकीने माझ्या जुन्या बॅगेतून एक फोटो काढला. पनवेलच्या कुठल्या तरी लग्नातला. एका बाकावर पाच बायका बसल्या आहेत, सगळ्या नऊवारीत, आणि डावीकडून दुसरी माझी आई, वय वीस-बावीस. बाकीच्या चौघी मला ओळखता येईनात. लेकीने फोटोचा फोटो काढून इस्राएलला, लोद गावी माझ्या आतेबहिणीला पाठवला. अक्का नव्वदीच्या घरात होती, पण स्मरणशक्ती शाबूत. तिने फोनवर दोघींची नावे लगेच सांगितली आणि म्हणाली, "बाकीच्या दोघींची सणानंतर सांगते. जरा आठवू दे मला."

सण झाला आणि फोन आला तो तिच्या मुलाचा. अक्का गेली होती. त्या दोघी बायका आता कोणाच्या कोण, हे सांगणारे माझ्या माहितीत कोणी उरलेले नाही.

पस्तीस वर्षे मी शाळेत मुलांना सांगत आले, "वहीवर आधी नाव लिहा, मग पुढचे." घरच्या फोटोंवर मात्र मी स्वतः कधी नाव लिहिले नाही. ही चूक आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी झाली असेल, म्हणून हा लेख.

आमचे फोटोमंडळ

मी सध्या लेकीकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा गावी असते. वरील प्रसंगानंतर आम्ही ओळखीच्या दहा-बारा माणसांनी एक छोटे मंडळ सुरू केले. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमायचे. शनिवारी शब्बाथ असल्यामुळे त्या दिवशी कॅमेऱ्याला सुट्टी.

प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, किंवा दोन मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ. तो टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावतात. आणणाऱ्याने सांगायचे: हे कोण, कुठे, कधी, फोटो कोणी काढला आणि तो आपल्याकडे कसा आला. एक तरुण मुलगी ते सर्व फोनवर ध्वनिमुद्रित करते आणि नावे टिपून घेते. तरुणांकडे यंत्र आहे आणि आमच्याकडे आठवण आहे. दोन्ही एका खोलीत आल्याशिवाय काम होत नाही.

ही कल्पना नवी नाही

आपली चित्रे एकमेकांना दाखवायला माणसांनी एकत्र यावे, ही कल्पना आपल्या मुंबईत फार जुनी आहे. लंडनला फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली, आणि मुंबईची संस्था लगेच पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये. हिंदुस्थानातली ती पहिली. थोड्याच काळात तिचे सभासद दोनशेच्या वर गेले. डॉ. भाऊ दाजी लाड त्यात होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले नावाजलेले एतद्देशीय छायाचित्रकार.

या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे फोटो काढले आणि १८६३ पासून ते पुस्तकरूपाने लंडनला छापले. त्याने ज्या जमातींचे फोटो काढले त्यांत आपली बेने इस्राएल जमातही आहे. एक गंमत सांगते. पुस्तकात माणसे मोकळ्या जागेत उभी दिसतात, पण त्यांचे फोटो वेगळे काढून मागचे देखावे नंतर जोडलेले आहेत. आज नातवंडे फोनवर मागचा पडदा बदलतात, तेच काम तेव्हा कात्रीने होत होते.

पण मला खटकते ती गोष्ट दुसरी. त्या चित्रांखाली जमातीचे नाव आहे, माणसांची नावे नाहीत. ती माणसे कोणाची तरी खापरपणजी-खापरपणजोबा असणार. कदाचित हा लेख वाचणाऱ्या कोणाची. आपल्याला ते कधीच कळणार नाही.

डिजिटल फोटो म्हणजे काय

गणिताची चौकोनांची वही आठवा. फोटोवर तशी बारीक चौकोनांची जाळी टाकली आहे असे समजा. प्रत्येक चौकोनात कोणता रंग किती, हे आकड्यांत लिहून ठेवायचे. ही आकड्यांची यादी म्हणजे डिजिटल फोटो. त्या चौकोनाला पिक्सेल म्हणतात, आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल.

१९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र लांबीला १०० आणि रुंदीला १०० चौकोनांचे, म्हणजे सगळे मिळून १०,०००. ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. आज साध्या फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोत एक कोटी वीस लाख चौकोन असतात, म्हणजे त्याच्या बाराशे पट.

आम्ही राहतो त्या सांता क्लारा परगण्याचा चालत्या चित्रांशीही जुना संबंध आहे. १८७८ च्या जून महिन्यात इथून जवळच, पालो आल्टोला, एडवर्ड मायब्रिज याने ओळीने कॅमेरे मांडून पळत्या घोड्याचे फोटो घेतले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, हे त्यातून दिसले. एकामागून एक फोटो भराभर दाखवले की चित्र हलल्यासारखे वाटते. तुमच्या फोनमधला व्हिडिओही त्याच तत्त्वावर चालतो.

जुना फोटो फोनमध्ये कसा घ्यावा

आमच्या मंडळात जे उपयोगी पडले ते सांगते.

फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा. ऊन थेट पडू देऊ नका. फ्लॅश बंद करा, नाहीतर मध्ये पांढरा डाग येतो. फोन फोटोच्या बरोबर वर, समांतर धरा. हात कापत असेल तर कोपरे टेबलावर टेकवा. पुढची बाजू झाली की मागचीही घ्या. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा आजोबांच्या अक्षरात एखादी ओळ असते, आणि तीच सगळ्यात मोलाची.

चिकट पानांचे अल्बम आठवतात ना? त्यातले फोटो आता पानाला घट्ट चिकटले असतील. ते ओढू नका, फाटतात. पानासकटच फोटो घ्या.

घरी स्कॅनर असेल तर लहान फोटो इंचाला ६०० ठिपके या मापाने घ्यायला सांगा. हिशेब सोपा आहे. ३ इंच बाय ४ इंचाचा फोटो ३०० ने घेतला तर ९०० गुणिले १,२००, म्हणजे १० लाख ८० हजार ठिपके. ६०० ने घेतला तर ४३ लाख २० हजार. आकडा दुप्पट केला की तपशील चौपट. मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मोठा करून पाहायचा असेल तेव्हा तो कामी येतो.

आता व्हॉट्सॲपविषयी. "पाठवलेला फोटो धुरकट का येतो?" असे मला पुष्कळांनी विचारले आहे. फोटो लवकर पोहोचावा म्हणून तो पाठवताना आक्रसला जातो, बराच तपशील गाळला जातो. तोच फोटो दहा घरे फिरून आला की चेहऱ्यांचे डोळे-नाक एक होतात. उपाय असा: फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग तो जसाच्या तसा जातो. जमत नसेल तर नातवाला दाखवायला सांगा. एकदा पाहिले की येते.

व्हिडिओ कॅसेटींची घाई करा

ज्यांच्याकडे लग्नाच्या, बार मित्स्वाच्या, मलिद्याच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी आहेत त्यांनी थांबू नये. टेपवरचा लोहचुंबकी थर वर्षांगणिक क्षीण होतो, दमट हवेत बुरशी येते. त्यात कॅसेट वाजवणारी यंत्रे जगात बनायचीच बंद झाली. शेवटच्या मोठ्या जपानी उत्पादकाने २०१६ च्या जुलैमध्ये हे काम थांबवले.

आणखी एक भानगड आहे. भारत आणि इस्राएलमधल्या कॅसेटी 'पाल' पद्धतीच्या, चित्रात ६२५ रेषा. अमेरिकेची पद्धत 'एनटीएससी', रेषा ५२५. म्हणून ठाण्याच्या लग्नाची कॅसेट अमेरिकेतल्या साध्या यंत्रात घातली की पडद्यावर नुसत्या लाटा दिसतात. आमच्यातल्या एका काकूंनी कॅसेट खराब झाली असे समजून ती टाकून द्यायला काढली होती. कॅसेट उत्तम होती. यंत्र परके होते. सुदैवाने त्या दिवशी कचऱ्याची गाडी आली नाही. दोन्ही पद्धती वाचणाऱ्या यंत्रावर ती उतरवली, तेव्हा काकूंना पंचवीस वर्षांनी आपल्या सासूबाईंचा आवाज ऐकू आला. मेहंदीची गाणी म्हणत होत्या. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तीन, दोन, एक

डिजिटल झाले म्हणजे सुरक्षित झाले असे नाही. फोन हरवतो, संगणकाची तबकडी एक दिवस अचानक बंद पडते. जाणकारांचा नियम पाठ करायला सोपा आहे: तीन, दोन, एक. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, उदाहरणार्थ एक संगणकात आणि एक सुट्या डिस्कवर. आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या घरी. एक अश्दोदला, एक ठाण्याला, एक सांता क्लाराला. आपली जमात जगभर पांगली आहे. निदान या कामी त्या पांगण्याचा उपयोग होऊ द्या.

प्रती नसल्या तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. तो ज्या नाटकावरून घेतला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर बेने इस्राएल. त्या काळी लोकांनी तिकिटांसाठी गर्दी केली होती. आज त्या चित्रपटाची एकही प्रत कुठे उपलब्ध नाही. काही स्थिरचित्रे तेवढी उरली आहेत.

उलट उदाहरणही आहे. हाईम शमुएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापला गेला तेल अवीवला १९३७ मध्ये, चाळीस वर्षांनी. मधल्या काळात कोणीतरी ते हस्तलिखित जपले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

आता थोडा गृहपाठ

शिक्षिकेची सवय जात नाही, माफ करा. या आठवड्यात एवढेच करा. घरातले पाच जुने फोटो बाहेर काढा. सगळे नकोत, पाचच. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा, डावीकडून उजवीकडे. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उठत नसेल तर फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. "आई", "मामा" असे लिहू नका. तुमची आई म्हणजे तुमच्या पणतूची कोण, हे त्याला कसे कळावे? पूर्ण नाव लिहा, आडनावासकट. आपल्या आडनावात गाव असते, तेही त्याला मिळेल. एखादे नाव आठवत नसेल तर जागा कोरी ठेवा, पण अंदाजाने चुकीचे लिहू नका.

हात चालत नसेल तर फोटो समोर ठेवा, फोनवर ध्वनिमुद्रण चालू करायला सांगा आणि नुसते बोला. मराठीत बोला, हिब्रूत बोला, दोन्ही मिसळून बोला. आवाजही राहील. मात्र हयात माणसाचा फोटो चारचौघांत पाठवण्याआधी त्याला विचारायला विसरू नका.

आणि एखादे नाव कोणाला विचारायचे असेल, तर ते आजच विचारा. सणानंतर विचारू म्हणून ठेवू नका.

आईच्या त्या फोटोमागे मी आता तीन नावे लिहिली आहेत. दोन जागा कोऱ्या आहेत. पनवेलच्या बाजूचे कोणी वाचक असतील आणि त्यांच्या घरी पाच बायका एका बाकावर बसलेल्या असा फोटो असेल, तर कृपया त्याच्या मागची बाजू जरा बघा.