छपराचे काम, वारा आणि बुडालेला रोज

पावसाळ्यापूर्वीचे दोन महिने हा देशाच्या मोठ्या भागात छपरे दुरुस्त करण्याचा हंगाम असतो. वादळी वाऱ्यांचा काळही नेमका हाच. बंगालमधील कालबैसाखी, उत्तर भारतातील आंधी आणि महाराष्ट्रातील वळीव यांची नावे वेगळी असली, तरी छपरावरील कामगाराला असणारा धोका एकच आहे. चक्रीवादळानंतर तो आणखी वाढतो. ३ मे २०१९ रोजी ओडिशात पुरीजवळ आलेल्या ‘फनी’ने आणि ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात धडकलेल्या ‘निसर्ग’ने असंख्य घरांचे पत्रे व कौले उडविली, तेव्हा पावसाळा तोंडावर होता. अशा घाईत होणारे अपघात केवळ दैवाधीन मानता येणार नाहीत. त्यांना तांत्रिक कारणे आहेत, तशीच आर्थिकही आहेत.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक ८७५ (भाग ३) मधील सूत्रानुसार, मीटर प्रति सेकंद या एककातील वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले असता दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात समोर धरलेल्या ३ चौरस मीटरच्या पत्र्यावर सुमारे १८ किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला, की हाच जोर सुमारे ७३ किलोंवर जातो. हातातील पत्र्याचे शीड होते आणि कामगाराचा तोल जातो. म्हणून लहान झाडे डोलू लागताच पत्रे उचलणे थांबवावे. मोठ्या फांद्या हलू लागल्या व छत्री धरणे कठीण झाले, तर छपरावर कोणीही असू नये.

संरक्षणाचा क्रम

प्रतिबंधाचा पहिला नियम उंचीवरील काम कमी करण्याचा आहे. पत्रे कापणे, भोके पाडणे ही कामे जमिनीवरच उरकावीत. त्यानंतर छपराच्या कडेला कठडा व खाली जाळी लावावी. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर थेट पाय न देता आधारांवर टेकलेल्या फळ्यांवरूनच चालावे. सुरक्षा पट्टा हा शेवटचा उपाय होय. तो पत्र्याला नव्हे, तर भक्कम सांगाड्याला अथवा त्यासाठी बांधलेल्या दोराला अडकवावा. हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी तात्कालिक इशारे देतो. ते पाहून सुटे पत्रे वेळीच बांधून ठेवता येतात.

कायद्याची मर्यादा

बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दहापेक्षा कमी कामगारांची बांधकामे, तसेच स्वतःच्या निवासासाठीची ५० लाख रुपयांपर्यंतची बांधकामे तिच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. घराचे छप्पर मात्र बहुधा तीन-चार जणच शाकारतात.

थांबण्याची किंमत कोणाची?

छपराचे काम बहुधा उक्ते दिले जाते. वाऱ्यामुळे काम थांबले, तर रोज कामगाराचा बुडतो. तो पडला, तर भार त्याच्या कुटुंबावर येतो. काम सुरू ठेवण्याचा निर्णय मात्र कंत्राटदाराचा असतो. निर्णय एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याची, अशा स्थितीत सुरक्षेवरील खर्च आवश्यकतेपेक्षा कमीच होतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात.

यावर उपाय अशक्य नाही. प्रदूषणामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील बांधकामे थांबली, तेव्हा कामगारांना उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने संबंधित राज्यांना दिले होते. वादळी वाऱ्याच्या दिवसांनाही हेच तत्त्व लावता येईल. त्यासाठी लहान कामांवरील कामगारांची नोंदणी व्हावी आणि करारात खाड्याच्या दिवसाच्या मजुरीची तरतूद असावी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिसराचा समावेश कामाच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत केला. छपरावरील कामगारापुरता त्या हक्काचा अर्थ साधा आहे: वारा सुटला असता खाली उतरता यावे आणि उतरल्यामुळे घरची चूल विझू नये.