सोडणे आणि पोहोचविणे

प्लेनोहून गॅल्व्हस्टनचे बंदर सुमारे 300 मैल दूर. तरीही येथील हौशी मंडळी तेथे जाऊन भाड्याच्या नौकेतून रात्रभराच्या मासेमारीस निघतात. टेक्ससचा किनारा दूरवर उथळ असल्यामुळे खोल पाणी गाठावयास कित्येक तास लागतात. तेथे गळाला लागणारा रेड स्नॅपर हा कोकणच्या तांबोशीचाच भाईबंद.

खोलातून झरकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुगते. लहान म्हणून त्यास सोडून दिले, तरी त्याला बुडी मारता येत नाही. तो तरंगतच मरतो. म्हणून 2022 मध्ये अमेरिकेने आखातातील अशा मासेमारीसाठी नियम लागू केला : माशास पुन्हा खोल नेणारे वजनदार साधन, अथवा हवा काढणारी पोकळ सुई, नौकेवर सज्ज असावी.

वाचकहो, मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले आपले करारबद्ध पूर्वजही मुदत संपताच मोकळे झाले. परंतु कित्येकांना मायभूमीचा किनारा पुन्हा दिसला नाही. सोडणे निराळे, स्वस्थानी पोहोचविणे निराळे, हे आपणांहून अधिक कोण जाणणार? तेव्हा नौकेवर चढताच तांडेलास प्रथम त्या साधनाविषयी विचारावे.