मांजरांपासून वाफा वाचवताना

मेथी पेरून वाफा सारखा करावा आणि सकाळी पाहावं तर मधोमध खड्डा, बी उधळलेलं, वर दुर्गंधी. परसबाग असलेल्या घरांना हा अनुभव नवा नाही.

मांजर हे खोडसाळपणे करत नाही. विष्ठा पुरणं ही तिची उपजत सवय. त्यासाठी तिला मोकळी, भुसभुशीत माती लागते आणि नेमकी तीच आपण मेहनतीने तयार करतो. वास राहिला की ती पुन्हा तिथेच येते.

म्हणून हातमोजे घालून घाण खालच्या मातीसकट रोज उचलावी. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरतो. बाहेर पडल्यावर 1 ते 5 दिवसांत तो संसर्गक्षम होतो, मग मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. गरोदर स्त्रीने तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावंच.

सगळ्यात भरवशाचा उपाय कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. ती वाफ्यावर आडवी अंथरून कडेला दगड ठेवावेत; रोपं भोकांतून वर येतात, पंजाला उकरता येत नाही. कुंड्यांत करवंटीचे तुकडे पसरावेत. कोपऱ्यात कोरड्या वाळूचं घमेलं ठेवलं, तर पुष्कळदा मांजर तिकडे वळते.

डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नयेत, त्या मांजरांना विषारी असतात. मुद्दाम विष घालणं हे क्रौर्य आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हाही. त्यापेक्षा आळीने वर्गणी काढून नसबंदी करून घ्यावी. पिल्लावळ थांबते आणि बोक्यांचं भिंतींवर मुतणंही बरंच कमी होतं.